गोगलगायीचा कान

श्रीकृष्णराव मोहित्यांच्या फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीमागे, एक चपटा स्टीलचा डबा होता आणि त्या डब्यात गोगलगायीचे तुकडे होते. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, कारण गोष्ट त्या डब्याचीच आहे. शेजारच्या कंचनबेन एकदा बर्फ मागायला आल्या आणि सहज म्हणून त्यांनी डब्याचं झाकण उचकटायला घेतलं, तेव्हा हा सत्तरीचा गरीब माणूस त्यांच्या अंगावर असा ओरडला की बाई बर्फ न घेताच गेल्या. त्यानंतर त्या बर्फाचं नाव काढीत नसत, आणि जिन्यात भेटल्या तर पदर सावरत निघून जात.

डबा बायकोचा. स्नेहलता विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायची. डेंग्यूचा ताप म्हणून दवाखान्यात नेली ती आठव्या दिवशी गेली. त्याला आता सव्वा वर्ष होत आलं होतं. तिच्या साड्या, चष्मे, ढीगभर पुस्तकं असं सगळं भाचीने येऊन दोन दिवसांत वाटून टाकलं, आणि श्रीकृष्णराव गॅलरीत बसून राहिले. डबा मात्र त्यांनी दिला नाही. त्यात चार लहान प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, प्रत्येकीत स्पिरिटात बुडवलेला मांसाचा बोटभर तुकडा, आणि वर तिच्या हातचं लिहिलेलं: पायला ४, पायला ५, असं सातपर्यंत. खाली 'स्ने.' पायला म्हणजे तळ्यात सापडते ती मोठी गोगलगाय. परवाच्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या अकोटा भागात शिरलं, तीन दिवस वीज नव्हती, तेव्हा लोक सोफे आणि टीव्ही वर चढवत होते आणि हे दुसऱ्या मजल्यावर फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसले होते, कुणी उघडू नये म्हणून. उघडणार कोण होतं? घरात दुसरं माणूसच नव्हतं. मूल झालं नाही, आणि तो विषय दोघांनी चाळिशीतच बंद करून टाकला होता.

आता त्यांच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. स्नेहलता स्वयंपाकघरातून "अहो" म्हणायची आणि हे पेपरामागून "ओ" द्यायचे. अडतीस वर्षं. ओ दिली की ती पुढे काही बोलेलच असं नसे. पुष्कळदा माणूस घरात आहे एवढंच तिला बघायचं असायचं. ती गेली तरी ती ओ काही गेली नाही. कुकरची शिट्टी झाली, खाली रिक्षा थांबली, कधी कधी तर काहीच झालं नाही, की यांच्या तोंडून आपलं "ओ". मग त्यांना एवढी लाज वाटायची की रिकाम्या घरातही ते इकडेतिकडे बघून घेत. डोकं सरकत चाललंय की काय, ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगायला होतं कोण?

श्रीकृष्णराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातले. तारा, दिवे, खटके यांत हयात गेलेली. प्राणिशास्त्राशी त्यांचा संबंध ताटातल्या कोंबडीपुरता. पण स्नेहलताला रोज जेवताना कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे, त्यामुळे हळूहळू त्यांना बरंच कळत गेलं होतं. हार्मोन म्हणजे शरीरातली हाक, ती म्हणायची, आणि रिसेप्टर म्हणजे कान. कान कसा घडवायचा ते जनुकात लिहिलेलं असतं. तिचा सगळा जन्म एकाच कानामागे गेला, स्त्री-हार्मोनच्या. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांचा तो थोड्याफार फरकाने सारखा. समुद्रातल्या एका किड्याचासुद्धा शाबूत.

"आणि तुझ्या गोगलगायीचा?" त्यांनी एकदा आमटी ओरपत विचारलं होतं.

"बहिरा. नुसता बहिरा असता तर बरं होतं हो. तो हाक नसतानाही सारखी ओ देत बसतो."

"म्हणजे कायम हिरवा सिग्नल?"

"कायम हिरवा."

"आमच्याकडे असा सिग्नल निघाला तर चौकशी बसते."

"बसवा की. केस पन्नास कोटी वर्षांपूर्वीची आहे, साक्षीदार तेवढे शोधून आणा."

पण स्नेहलताला वाटायचं, सगळ्याच गोगलगायी बहिऱ्या झाल्या नसतील. गोड्या पाण्यातल्या एखादीला अजून ऐकू येत असेल. आणि तरसालीच्या पलीकडच्या तळ्यातून आणलेल्या पायलाने तिचं म्हणणं खरं केलं. तिच्या जनुकात कान धड निघाला. हाक आली तरच ओ देणारा, माणसासारखा. परदेशातल्या मासिकात लेख छापून आला. त्या दिवशी ती किलोभर लीलो चिवडा, बडोद्याचा तो ओलसर, घेऊन घरी आली आणि जिन्यातल्या प्रत्येकाला वाटत सुटली. डिपार्टमेंटच्या भिंतीवर सगळ्या प्राण्यांच्या त्या कानांचा वंशवृक्ष लावलेला होता, त्यावर तिने आपल्या पायलाची फांदी लाल शाईने काढली. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई शाळेतल्या पोरीसारखी मिरवली. नंतर दीड वर्षात गेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी मैथिली आली. स्नेहलताच्या हाताखाली पीएचडी करणारी ही शेवटची विद्यार्थिनी, तरसालीची. वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात. मॅडम गेल्यावर तिला दिग्विजय सरांकडे सोपवलं होतं. पूर्वी यायची तेव्हा आधी स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायची. आज खुर्चीच्या टोकावर बसली.

"केम छो काका? मजेत ने?"

"मजेत. चहा टाकू?"

"नको, बसा तुम्ही. काका, एक वाईट झालंय."

तिने सांगितलं ते असं. त्याच तळ्यातून तिने नव्या बारा गोगलगायी आणल्या आणि तपासल्या. बाराच्या बारा बहिऱ्या. मग तिने मॅडमनी वाचलेला जनुकाचा जुना मजकूर पुन्हा काढून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिला, तेव्हा दिसलं की गोगलगायीच्या जनुकात मधोमध एक तुकडा आहे तो गोगलगायीचा नाहीच. नेमका ऐकण्याचा भाग. कॉम्प्युटरने जुळणारी टोकं बघून ठिगळ लावावं तसं शिवून टाकलं होतं, आणि एकूण जनुक गोगलगायीचंच दिसत होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मग तो तुकडा कुणाचा?"

"माणसाचा."

"कुठल्या माणसाचा?"

"ते नाही कळत. एवढासा तुकडा सगळ्या माणसांचा सारखाच असतो. घाम, थुंकी, काहीपण लागलं असेल. आणि मॅडम तर ग्लोव्हजशिवाय टेबलाला हात लावायच्या नाहीत, आख्ख्या डिपार्टमेंटला माहितीये. नमुने लॅबमध्ये उघडले मी. मग राहिलं कोण? जानेवारीत कमिटी बसणार आहे. मी निष्काळजी ठरले तर रजिस्ट्रेशन जाईल, काका. पाच वर्षं."

श्रीकृष्णरावांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"मॅडमनी लॉकडाऊनमध्ये सात गोगलगायी इथे घरीच कापल्या होत्या ने? तीन पिशव्या माझ्याकडे दिल्या. चार इथे राहिल्या. त्यातली एक जरी न उघडलेली मिळाली, तर कळेल की घाण माझ्या हातची आहे की आधीचीच."

आधीचीच. श्रीकृष्णरावांना तो दिवस डोळ्यांसमोर दिसायला लागला. विद्यापीठ बंद, टाकीतल्या गोगलगायी मरतील म्हणून स्नेहलताने बादलीतून घरी आणलेल्या, जेवणाच्या टेबलावर पेपर पसरलेले. हातमोजे शहरात औषधालाही मिळत नव्हते, सगळे दवाखान्यांत गेलेले. आणि त्या लहान पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या. तिला एक सवय होती, जी डिपार्टमेंटमध्ये मोज्यांखाली झाकली जायची आणि घरी मोकाट सुटायची. अंगठा जिभेला लावायचा आणि मग पान उलटायचं, पिशवी उघडायची, नोटा मोजायच्या. वाण्याकडे, बँकेत, पूजेच्या पोथीवरसुद्धा. त्यावरून त्यांनी तिला अडतीस वर्षं बोल लावला होता, आणि तिने अडतीस वर्षं तो कानाआड केला होता. त्या दिवशीही ते म्हणाले होते, "लता, अगं गोगलगायीची घाण तोंडात जाईल." तर अंगठा ओला करत, पिशवीचं तोंड फाकवत ती म्हणाली होती, "माझ्या तोंडाची तिला लागेल. तक्रार तिने करायला पाहिजे." आणि दोघं हसली होती.

हे जगात आता एकाच माणसाला ठाऊक होतं.

"नाही गं," श्रीकृष्णराव म्हणाले. "पुरात वीज गेली ना, सगळं नासलं. टाकून दिलं मी."

मैथिलीने मान डोलावली. विश्वास ठेवला तिने, हेच वाईट. "चालेल काका. तुम्ही नका टेन्शन घेऊ." दारात चपला घालताना तिने सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि "आवजो" म्हणून गेली. ज्या फ्रीजकडे तिची नजर गेली होती तो तिकडे घरघरत होता.

एरवी श्रीकृष्णराव खोटं बोलणाऱ्यातले नव्हते, म्हणून ते त्यांना पचलंही नाही. त्यांनी स्वतःशी खूप हुज्जत घातली. मेलेल्या बाईची सारी कमाई म्हणजे ती एक लाल फांदी. ती पुसायला तिच्याच नवऱ्याने खोडरबर आणून द्यायचं? पोरगी तरुण आहे, काहीतरी मार्ग निघेल तिला. स्नेहलताला आता कुठला मार्ग निघणार होता? असं म्हणून ते डबा बाहेर काढत, पिशव्यांवरचं अक्षर बघत आणि परत मटारामागे ठेवत. तेवढा आठवडा त्यांच्या तोंडून एकदाही ओ निघाली नाही. आधी त्यांना हायसं वाटलं, मग लक्षात आलं की घर इतकं गप्प कधीच नव्हतं.

नाताळच्या सुमारास दिग्विजय सरांचा फोन आला. माणूस सज्जन, बोलणं अदबीचं. "काका, तुम्ही निश्चिंत राहा. मैथिलीने लेखी दिलंय, चूक तिचीच म्हणून. म्हणाली, मॅडमच्या नावाला धक्का लागता कामा नये. आपण लेख मागे घेऊ, पण मॅडमचं नाव साफ राहील."

श्रीकृष्णराव "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. आता निश्चिंत व्हायला हरकत नव्हती.

पण त्यांनी रेल्वेत चौकशा पाहिल्या होत्या. अपघात झाला की कागद वरून खाली सरकत येतात आणि शेवटी सगळ्यात खालच्या माणसाच्या माथी मारून थांबतात. नोकरीच्या बाराव्या वर्षी एका लहान स्टेशनावर मालगाडीचे दोन डबे घसरले होते. सिग्नलची तार गंजलेली होती हे श्रीकृष्णरावांना माहीत होतं, साहेबांनाही होतं. अहवालात खात्याचा खलाशी, म्हणजे हाताखालचा साधा मजूर, दोषी ठरला, आणि साक्षीदार म्हणून यांनी मुकाट्याने सही केली. घरी येऊन स्नेहलताला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. तिने फक्त हाक मारणं बंद केलं. चार दिवस. वाढलंय, इस्त्री झालीये, पाणी आलंय, सगळं सांगायची, पण "अहो" नाही. पाचव्या दिवशी ते साहेबांकडे गेले आणि खरं काय ते लिहून देऊन आले. त्याचं बक्षीस म्हणून बदली झाली, पण घरी आल्यावर चपला काढता काढता आतून हाक आली होती.

फोनशेजारी बसून श्रीकृष्णरावांनी ते सगळं पुन्हा आठवलं आणि त्यांना रडू आलं. तिच्यासाठी म्हणून आपण जे करतोय, त्यासाठी तिने जन्मभर आपल्याशी अबोला धरला असता, हे त्यांना आता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कंचनबेनचं दार वाजवलं. "बेन, थोडा बरफ आपशो?" बाईंनी त्यांच्याकडे, मग हातातल्या डब्याकडे पाहिलं. काही न विचारता त्यांनी दोन ट्रे रिकामे करून दिले, वर एक जुना थर्मासही दिला. "ते दिवसे हुं बहु बोली गयो," त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल श्रीकृष्णराव पुटपुटले. "कंई नहीं, भाई," बाई म्हणाल्या.

डिपार्टमेंटच्या भिंतीवर तो वृक्ष अजून होता, लाल फांदीसकट. टेबलापाशी मैथिली, समोर दिग्विजय सर. श्रीकृष्णरावांनी डबा टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं.

"मी खोटं बोललो. पिशव्या माझ्याकडेच होत्या. तिने बंद केल्या त्यानंतर कुणी उघडलेल्या नाहीत. आणि तिला सवय होती..." त्यांची नजर वृक्षाशेजारच्या तिच्या फोटोकडे गेली. चार भिंतींतली, नवऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट तिच्याच खोलीत, तिच्या फोटोसमोर सांगायची, म्हणजे तिला माणसांत उघडं पाडल्यासारखं वाटलं त्यांना. "अंगठा जिभेला लावायची सवय होती. पिशव्या तशाच उघडल्या तिने. मी बघितलंय. मी टोकलंही होतं."

मैथिली टेबलावर डोकं टेकून रडायला लागली, पाच वर्षांचं सगळं एकदम. दिग्विजय सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. घरातल्या दुसऱ्या माणसाचा संशय फिटावा म्हणून त्यांनी श्रीकृष्णरावांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली, माफी मागत मागत.

निकाल घेऊन मैथिली आली ती वासी उत्तरायणाला. पतंगांचा दुसरा दिवस, आख्खं बडोदं अजून गच्चीवर, भोंगे, थाळ्या, आरोळ्या. श्रीकृष्णराव दार लावून आत बसले होते.

चारही पिशव्यांत माणसाचा अंश सापडला होता. बाईचा. श्रीकृष्णरावांचा नव्हता. कमिटीने मैथिलीचं पत्र तिला परत केलं होतं. लेख मागे घेत असल्याचं मासिकाला कळवायचं होतं, तो कागद तिने पुढे केला. "काका, नमुने घेताना भेसळ झाली, एवढंच लिहिलंय. सवयीचं नाही लिहिलं. चालेल ने?"

"कोणी घेताना?"

"ते पण नाही लिहिलं."

"लिही. स्नेहलता मोहिते यांनी घरी नमुने घेताना, असं लिही. तिने स्वतः तसंच लिहिलं असतं."

मैथिलीने पेनने ओळ घातली. मग पर्समधून एक रिकामी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आतलं सगळं तपासात संपलं होतं, वरचं अक्षर तेवढं होतं. पायला ४. स्ने.

"म्हणजे गोगलगायीला हाक ऐकू येत नाही, तर," श्रीकृष्णराव म्हणाले.

"नाही."

"आणि तरी ओ देत राहते."

"हो काका. कायम."

"त्याने तिला काही होत नसेल? डोक्यावर परिणाम वगैरे?"

मैथिलीला हसू आलं, पण काकांचा चेहरा बघून ती हसली नाही. "नाही काका. चांगली जगते ती. तळी भरलीयेत त्यांनी."

श्रीकृष्णरावांनी तिच्या हातावर तीळगूळ ठेवला, दुकानातला. गच्चीवर चला म्हणून तिने आग्रह केला, यांनी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. ती गेली. दार लावून ते स्वयंपाकघरात आले. फ्रीजरमध्ये मटारामागे डब्याएवढी जागा रिकामी दिसत होती. बाहेर कुणाचा तरी पतंग काटला गेला आणि दहा गच्च्या एकदम ओरडल्या. मग दुसरा पतंग चढेपर्यंत थोडं शांत झालं.

कुणी हाक मारली नव्हती.

"ओ," श्रीकृष्णराव म्हणाले.

या वेळी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. ओट्याला हात टेकून ते तसेच उभे राहिले आणि थोड्या वेळाने, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पुन्हा एकदा म्हणाले, "ओ."